दुसऱ्या बटणावर मोजलेलं जंगल

...तर वजनमापवाला हातोडी घेऊन आमच्या साडूंभोवती फिरत होता, इथवर काल आलो होतो. शिक्का मारायचा कुठे, हा त्याचा प्रश्न. तराजूला मारतात, लिटरच्या मापाला मारतात. जित्याजागत्या माणसाला कुठे मारणार? शेवटी त्यानं साडूंच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला तारेनं शिशाची गोळी बांधली, चिमट्यानं दाबली आणि बजावलं, "सील तुटलं तर माप बाद. अंग सांभाळून शिंका."

काल जे झोपून गेले त्यांच्यासाठी मागचं सांगतो.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान, जंगलखात्यात झाडं मोजायचे. बुंध्याला फीत गुंडाळायची, घेर लिहायचा, चला पुढच्या झाडाकडे. फीत किती उंचीवर गुंडाळायची ते ठरलेलं. त्यासाठी खातं एक काठी देतं. ती जमिनीवर टेकवायची, टोक येईल तिथे फीत. साडू नोकरीला लागले त्याच वर्षी ओढ्यात घसरले. काठीनं त्यांना वाचवलं आणि आपण मोडली. त्यांनी त्याच आठवड्यात नव्या काठीचा अर्ज केला, पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली. तोवर काम अडायला नको म्हणून आठवून पाहिलं, काठीचं टोक आपल्या दुसऱ्या बटणाशी यायचं. झालं! झाडाला चिकटून उभं राहायचं, बटण येईल तिथे फीत. माणूस चोख, नवा शर्ट शिवला की जुना त्यावर अंथरून ताईंकडून बटण त्याच जागी लावून घ्यायचे.

काठी काही आली नाही. एकोणतीस वर्षं गेली. बटण शर्टावर जागचं हललं नाही, पण शर्टाच्या आतला माणूस वाकला. बटण वीतभर खाली आलं. आणि झाड कुठलंही घ्या, खाली जाडच असतं. साडू जसे म्हातारे होत गेले तशी झाडं कागदावर धष्टपुष्ट होत गेली.

हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण राजधानीत देशाचा हवामान आराखडा लिहायला घेतला. झाडं हवेतला धूर पोटात घेतात. किती घेतला याचा दाखला मिळाला की तो बाहेरच्या कारखान्यांना विकता येतो, त्याला कार्बन बाजार म्हणतात. आता दिसत नाही, वास नाही, पिशवीत भरता येत नाही, असा माल मी तरी बाजारात पाहिलेला नाही. पण गिऱ्हाईक आहे म्हणतात. आराखडा लिहिणाऱ्या बाईंनी साडूंच्या वह्या पाहिल्या आणि हरखल्या. "आपली झाडं इतरांच्या दीडपट वाढतात!" पहिल्या पानावर तेच वाक्य, अख्खा आराखडा त्याच्यावर उभा.

मग बाईंना बरोबर घेऊन बाजाराचा तपासनीस आला. सुटाबुटात, चिखलात. म्हणाला, "मापाची काठी दाखवा."

साडूंनी छाती पुढे केली.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण तपासनीस शांतपणे नियमांचं पुस्तक चाळत राहिला. म्हणाला, "चूक की बरोबर हा आमचा विषय नाही. मोजायची पद्धत सुरुवातीपासून एकच हवी, मधेच बदलता येत नाही." आणि त्यानं फॉर्ममध्ये लिहिलं: उपकरण, नग एक, शर्टासह. उपकरण म्हटलं की प्रमाणपत्र हवं. म्हणून तो वजनमापवाला, म्हणून ती शिशाची गोळी.

इथवर सगळे हसत होतो. ताईंनी तर गोळीवरून हळद-कुंकवाचं बोट फिरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पण साडूंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. लेक परगावी, नात वर्षाची, अजून आजोबांनी फोटोतच पाहिलेली. निवृत्त झालो की तिच्याकडेच जायचं, हे नवरा-बायकोचं ठरलेलं, ट्रंका भरून तयार. साडू निवृत्तीचा कागद आणायला गेले तर कारकून म्हणतो, "तुमचं नाव हजेरीपटावर नाही. तुम्ही डेडस्टॉकात, सामानाच्या वहीत आहात, कपाट आणि पंख्याच्या मधे. कपाट कधी निवृत्त झालेलं ऐकलंय का काका?"

वर एक परिपत्रक हातात दिलं. डॉक्टरांनी साडूंना कमरेला पट्टा बांधायला सांगितलं होतं, ते वरच्या साहेबांना कळलं होतं. "उपकरणाने पट्टा बांधू नये. ताठ झाल्यास जंगल रोडावेल."

ताई संतापल्या. "अहो, तुम्ही माणूस आहात की पंखा? सांगा जाऊन त्या बाईला!"

मग गेलो आम्ही दोघं, साडू आणि मी. मोठं टेबल, या बाजूला बाई, त्या बाजूला तपासनीस, मधे साडू उभे. उपकरणाला खुर्ची कोण देतो? बाई बिचाऱ्या खरंच अवघडल्या होत्या. "काका, तुम्ही गेलात तर नवी काठी लावावी लागेल. दुपारपर्यंत निम्मं जंगल बारीक! आराखडा मी कुठल्या तोंडाने मांडू? दहा वर्षं थांबा ना."

"दहा वर्षांनी ते फुलझाडंच मोजतील," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

साडूंनी तपासनीसाला विचारलं, "पद्धत बदलायला काहीच वाट नाही?"

त्यानं पुस्तक उलटंसुलटं केलं. "एकच आहे. बाजारात नाव नोंदवायच्या आधी कुणी नव्या उपकरणाची लेखी मागणी केलेली असेल, तर बदलता येते. पण अशी मागणी कोण कशाला करून ठेवेल?"

साडू खिशात हात घालून उभे राहिले. मग एकोणतीस वर्षांच्या घामानं पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद त्यांनी अलगद टेबलावर उलगडला, बटणाची गोळी तोडून त्याच्यावर वजन म्हणून ठेवली आणि म्हणाले:

"ही अर्जाची पोच, साहेब. काठी आली की तिला माझ्या जागी उभं करा. आणि बाई, जंगल रोडावलं का असं कुणी विचारलंच, तर सांगा, रोज मिठी मारणारा माणूस नातीकडे गेला म्हणून."