बाटलीला ऊन दाखवलं

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता. ज्याला वास येतो, त्याला ऊन दाखवायचं. डाळ, गोधडी, लोणच्याची बरणी, कुणालाच सूट नाही. त्या दुष्काळी सालात पावसाचा पत्ता नव्हता, ऊन मात्र मुबलक. मग काय, त्यांचंच राज्य!

मी तेव्हा उस्मानाबादेत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पीएच.डी.चे सर औरंगाबादचे. त्यांनी बजावलं, "सोमवारी तुमच्या लॅबमध्ये येतो. मी देतो तो उत्प्रेरक तिथं नीट चालला तर संशोधन तिथंच करा. नाहीतर बिनपगारी रजा काढून इकडं या." घरी तीन वर्षांची लेक. मी कुठली जातेय!

शनिवारी सरांकडून उत्प्रेरकाची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या नारिंगी द्रावणाची, बाटली घेऊन एसटीनं आले. कॉलेज बंद, म्हणून घरीच फडताळात ठेवली. आत एक धातू आणि त्याला धरून ठेवणारं फॉस्फरसचं संयुग. या संयुगाला हवेतला ऑक्सिजन भेटला की ते धातूचा हात सोडतं. एकटा पडलेला धातू मग तळाशी गाळ होऊन बसतो, कामाला हात लावत नाही. म्हणून बाटलीत नायट्रोजन भरून बूच मेणानं बंद केलं होतं. तरी मेला कुजक्या लसणाचा वास यायचाच.

रविवारी लेकीला डॉक्टरकडं नेऊन आले, तर माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, सांडग्यांच्या शेजारी उन्हात माझी बाटली! बूच काढलेलं, धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला मलमल बांधलेली. नारिंगी रंग जाऊन आत काळपट गाळ.

"अहो आत्याबाई, काय केलंत हे!" मी सासूबाईंवर किंचाळले.

"नासलं हुतं गं. लई घाण येत हुती," त्या खुशीत म्हणाल्या. "आता हुंगून बघ की."

हुंगलं. वास खरंच गेला होता. जाणारच! ऑक्सिजन मिळाला की त्या संयुगाचा वासही जातो. नुसता जळफळाट झाला माझा.

सोमवारी सरांसमोर ते तेलात घालून हायड्रोजन सोडला. तासभर बुडबुडे आले, पण घट्ट व्हायचं ते तेल ढिम्म. घडलं ते ऐकून सर म्हणाले, "जिथं बाटली टिकत नाही, तिथं संशोधन कसलं? या औरंगाबादला."

संध्याकाळी मी चुलीपुढं बसून हुंदके देऊन रडले. नवरा म्हणाला, "सोड ती पीएच.डी. घर कोण बघणार?"

भाकरी थापणारा सासूबाईंचा हात थांबला. "तिची बाटली म्या नासवली. पोरगी म्या सांभाळते. भाकरीबी म्या करते," त्या लेकाला म्हणाल्या. "टँकरवर घागरी घिऊन मातर तू जायचंस. का बायांत हुभं ऱ्हायला लाज वाटतीया?"

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी डोळे पुसले आणि ट्रंक काढायला उठले.