जीपखालची डबी

कुठल्याही गाडीत चढले की भाई आधी खिडकीतून हात बाहेर काढायचे. हातात मोबाइल. पाऊस लागतो का ते पाहायला आपण तळहात पसरतो ना, अगदी तसा. मग पडद्यावरच्या रेघा निरखून म्हणायचे, "हवा हाये." किंवा तोंड वाकडं करून, "हवा नाई इथं." हवा म्हणजे मोबाइलचं नेटवर्क. दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आर्णीत रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. पूर्वी ते ट्रकमधले टेप दुरुस्त करत. टेप गेले, तसे ते जीपीएसच्या डब्या बसवू लागले. तुमच्याही गाडीत असेल एखादी, डॅशबोर्डमागे वायरींच्या गुंत्यात दडवलेली. गाडी कुठे आहे हे ती उपग्रहांवरून ओळखते आणि पोटातल्या सिमकार्डातून मालकाला कळवत राहते. मी यवतमाळला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्यांचं पाहतो. कापसाच्या गाठी वाहणारे आमचे ट्रक. सगळ्या ट्रकांना भाईंनीच डब्या बसवल्या होत्या, त्यामुळे काही ना काही कारणाने आमची भेट व्हायचीच.

ड्रायव्हर लोक त्या डबीवर फार चिडून असायचे. एकाने तर डबी मुकी व्हावी म्हणून तिला चांदीचा कागद गुंडाळला, डब्यातल्या पोळीचाच. भाईंनी तो सोडवला, त्याला चिकटलेला पोळीचा तुकडा त्याच्यासमोर धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "जेवू तं घातलं तुनं इले. पाणी पाजलं का?" तो ड्रायव्हरही हसला. पुन्हा कागद लावला नाही.

दुसरा एक ड्रायव्हर नेरच्या अलीकडे एका खेड्यात दर फेरीला थांबायचा. डिझेल विकतो, असा मालकांना संशय. त्यांनी भाईंना त्याच्यासोबत धाडलं. परत येऊन भाई मालकांना एवढंच म्हणाले, "डिझेल बराबर हाये साहेब. टाकी मी सोता पाह्यली." बाहेर आल्यावर मला सांगितलं, "त्याची माय हाये तिथं. अंथरुणाले खिळली. तिले घास भरवते अन् निंगते."

"मग मालकांना काहून नाही सांगितलं?"

"डबी गाडीची हाये भाऊ," ते म्हणाले, "माणसाची नाई."

एका उन्हाळ्यात मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. एक पांढरी गाडी येऊन थांबली, दोघे उतरले. स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. त्यांना चुंबकाच्या डब्या हव्या होत्या, खालून लोखंडाला चिकटतात त्या. वायर नाही, काही नाही. आत बॅटरी असते.

"गाडीचे कागद आना," भाई म्हणाले. "सिम नावावर टाकावं लागते."

"गाडी आमची नाई ना भाई," त्यातला एक हसत म्हणाला. लपवण्याची गरजही त्याला वाटली नव्हती.

"मंग मले नाई जमत."

त्यांनी वाद घातला नाही. भाईंनी मागवलेला चहा सावकाश प्यायले. उठताना तोच माणूस म्हणाला, "पोरगी यवतमाळले कॉलेजात हाये म्हने तुमची. स्कूटीवर जाते. चांगलं हाये, पोरीनं शिकलं पायजे." पांढरी गाडी गेली. भाई बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. त्यांच्या मुलीविषयी तिथे कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या दिवसांत तालुक्यात रेतीचा धंदा जोरात होता. चोरून उपसा करायचा आणि टिप्पर भरून न्यायचे. रेतीचोरांच्या मागे लागलेल्या एक अधिकारी बाई नव्याने आल्या होत्या. पण त्यांची जीप नदीवर पोचेपर्यंत काठ रिकामा असायचा. रेतीवर चाकांचे ताजे वण, आणि माणूस एक नाही. लोक म्हणायचे, बाईंच्याच ऑफिसात कोणीतरी फितूर आहे.

एकदा त्यांच्या जीपची सरकारी डबी बंद पडली आणि जीप भाईंकडे आली. मीही त्या दिवशी आर्णीत होतो. ड्रायव्हर चहाला गेला. भाई पाठीवर झोपून जीपखाली सरकले आणि तिथेच थांबले. बाहेर येऊन त्यांनी आधी रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिलं. मग अधिकारी मॅडमना फोन लावला. "मॅडम, एक डाव तुमीच या दुकानात. फोनवर नाई सांगत."

मॅडम ऑटोने आल्या. साडीची पर्वा न करता वाकल्या. मागच्या चाकाजवळ, चिखलाने माखलेली, मुठीत मावेल एवढी डबी चिकटलेली होती. मधूनमधून हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काढा ते," त्या म्हणाल्या.

"काढतो. पन काढलं का त्यांले समजन, शेवटी गाडी कुठं उभी होती ते." भाईंनी स्वतःच्या दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. "आत्ताबी दिसूनच राह्यलं त्यांले."

समोरून एसटी गेली, तिची धूळ खाली बसली. मग भाईच म्हणाले, "राहू द्या तिथंच. जीप यवतमाळले पाठवून द्या, मीटिंगले जाते असं सांगून. तुमी दुसऱ्या गाडीनं नदीवर जा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जातो? दुकान हाये माहं."

दुसऱ्या दिवशी जीप यवतमाळला उभी असताना मॅडमनी नदीवर टिप्पर पकडले, रेतीसकट. जीपखालची डबी पोलिसांनी पंचनामा करून काढली. तिच्यातल्या सिमवरून पांढऱ्या गाडीतल्या त्या दोघांची नावं निघाली. पेपरात बातमी आली. भाईंचं नाव कुठेच नव्हतं, आणि तरी ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर भाईंच्या दुकानासमोर एक रिकामा टिप्पर उभा राहू लागला. इंजिन चालू. केबिनमधला माणूस खाली उतरायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. दिवसभर नुसता धूर. गिऱ्हाईकं दुसरीकडे जाऊ लागली. भाई मात्र मुलगी निघायच्या आधी रोज स्कूटीखाली हात फिरवून पाहत. तिला सांगत, "ऑइल गळते का पाहून राह्यलो."

एका सकाळी ते माझ्या ऑफिसात आले. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर उलगडली. तसलीच डबी. तसलाच हिरवा दिवा.

"स्कूटीची?" मी विचारलं.

त्यांनी होकाराची मान हलवली. "सीटखाली होती. मी खालीच पाहत होतो." थोडं थांबून म्हणाले, "चालू हाये. आत्ता आपन दोघं कुठं बसलो, ते दिसून राह्यलं त्यांले."

मी नकळत खिडकीकडे पाहिलं. रस्त्यावर नेहमीची माणसं होती. त्यातलं कोण कोणाचं, काही कळेना.

"पोलिसांत देऊन टाकू," मी म्हणालो.

"देतो ना. पन पोरीले काय सांगू? ते मैत्रिणीकडं गेली, मावशीकडं गेली, कुठं कितीक थांबली, सगळं पाह्यलं कोनीतरी." त्यांनी डबीवर बोट ठेवलं. "अन् भाऊ, मी इतके वर्स लोकांले हेच विकलं."

मी डबी पुन्हा रुमालात बांधली. आम्ही दोघे ठाण्यात गेलो. तक्रार झाली. त्या दोघांना अटक झाली आणि लवकरच जामीनही मिळाला. मग एक दिवस भाईंच्या दुकानाला कुलूप दिसलं. घरालाही. फोन बंद. कुठे गेले ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. आमच्या ऑफिसात दोन वेळा अनोळखी माणूस येऊन गेला. "डब्या बसवायच्या होत्या, भाई कुठं भेटतीन?" मला खरंच माहीत नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी यवतमाळच्या कोर्टात खटला उभा राहिला. भाई येणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री होती. बहुधा त्या दोघांचीही. पण पुकारा झाला आणि भाई दारातून आत आले. दाढी पांढरी झाली होती, सदरा अंगावर लोंबत होता. वकिलाने फार फिरवून विचारलं. भाईंनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं, आणि दोघांकडे बोट दाखवलं. तो हात त्यांनी लवकर खाली घेतला नाही.

बाहेर आवारात त्या दोघांची माणसं उभी होती. एकाने मोबाइल वर धरून भाईंचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. दुसरा मऊ आवाजात म्हणाला, "भाई, पोरीचं शिक्षण झालं का पुरं?"

भाई थांबले नाहीत. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्या मागे गेलो. मला पाहून त्यांनी फक्त मानेनेच नको म्हटलं. चौकात एक एसटी वळण घेताना हळू झाली होती. भाईंनी पाटीकडे न पाहता दांडी धरली आणि चढले. कंडक्टर ओरडला, त्याने दार ओढून घेतलं.

मागे मोबाइलवाला धावत येत होता. "कोणती गाडी? कुठली होती?" त्याने मला विचारलं. पाटी माझ्या समोरून गेली होती. मी तेव्हा मुद्दाम मान खाली घातली होती.