न विकलेले बोंबील

१८ मे १९९६, तारापूर. कर्ज दोन हजार रुपये. हजर मी आणि एक कर्जदार कोळीण. कर्ज देणाऱ्या आमच्या संस्थेच्या प्रगती अहवालासाठी मी विचारले, “या महिन्यात विक्री किती?”

“काय नाय!” सुके बोंबील टोपलीत दाबत ती हसली.

“शून्य लिहिले तर पुढचे कर्ज मिळणार नाही.”

“ओ साहेब, दरसाल पोटासाठी आताच मातीमोलानं विकायची. यंदा तुमच्या पैशावर घर चाललं. माल पावसात विकीन, दुप्पट भावानं. थांबायला गावलं, ते लिवा ना!”

त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिले. वरिष्ठांनी ते मानले; तिला तीन हजार मिळाले.

त्या दिवशी अहवाल लिहून निघताना मी पाव किलो बोंबील मागितले.

“भाव पावसाळ्याचा हाय हां!”

मी तिला वीस रुपये दिले, दुप्पट, आणि आनंदाने.