चारशे दहावा काप

जिताड्याची एक बाजू खवलून झाली होती, दुसरी अजून तशीच होती. मनिषाने विळी पायाखाली दाबून धरली आणि कल्ले काढायला अंगठा माशाच्या तोंडात घातला. यात नवं काहीच नव्हतं. उरणच्या कोळीवाड्यात जन्मलेली बाई, अक्षरओळख व्हायच्या आधीपासून हे करत आलेली. जबडा वासला तशी वरच्या ओठामागची रुंद पट्टी गालापासून सुटून दाराच्या फळीसारखी पुढे आली. मनिषाने ती आत ढकलली. पुन्हा ओढली. मग ओल्या बोटाने तिची कड चाचपली. एकही दात लागला नाही. दात होते ते पुढच्या, ओठाच्या हाडावर.

तिने मासा ताटलीत ठेवला.

"झाला?" हॉलमधून सासऱ्यांनी विचारलं.

"नाय बाबा, होतंय," ती म्हणाली. पण विळी आडवी झाली होती आणि ती लिंबाची फोड हाताला चोळत उठली होती.

दयारामबाबांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उरले चार-पाच शब्द. हाय, नाय, झाला, पाणी. कधीकाळी पनवेलजवळ करंजाड्यात त्यांची भाताची खाचरं होती, बांधाजवळच्या तळ्यात ते जिताडे पाळायचे. आता तिथे इमारती होत्या, आणि त्यातल्याच एकीच्या चौथ्या मजल्यावर बाबा खिडकीच्या गजांकडे तोंड करून पडलेले असत. उशीवरून घसरले, कफ अडकला, तर उचलून बसवायला माणूस हवं. मनिषाचा नवरा निकेश तळोज्याला केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. म्हणजे माणूस ती एकटीच. अर्ध्या तासापलीकडे घर सोडायचं नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण गुराच्या गळ्यातल्या दाव्यासारखं ते तिच्या गळ्यात होतं. गिरणी, औषधाचं दुकान, कोपऱ्यावरचं गणपतीचं देऊळ. दावं तेवढंच पुरायचं. एकवीरा आईच्या डोंगरावर ती तीन वर्षांत चढली नव्हती. देव्हाऱ्यातल्या फोटोलाच ओटी भरायची.

या घरात मासा शिरला तो पूर्वीमुळे. म्हणजे दगडातला मासा. पूर्वी ही निकेशच्या बहिणीची मुलगी, पुण्यात जीवाश्मांवर पीएच.डी. करणारी. दीड वर्षापूर्वी ती आजोबांना बघायला आली, तेव्हा तिने मामीला पापलेट साफ करताना पाहिलं आणि म्हणाली, "मामी, तुला तर हाडन् हाड पाठ आहे! माझं एक काम करशील?"

काम असं होतं. तीस कोटी वर्षांपूर्वीचा एक वीतभर मासा दगडात दबलेला होता. दगड फोडला तर हाडं फुटतील, म्हणून अख्ख्या दगडाचा स्कॅन काढला होता, दवाखान्यात डोक्याचा काढतात तसा. पाव कापावा तसे त्याचे बाराशे काप संगणकावर दिसत, सगळे करड्या रंगात. त्या करड्यातून हाड ओळखायचं आणि रंगवायचं: जबडा नारिंगी, गाल हिरवा, कल्ल्याचं झाकण निळं. दर दहाव्या कापावर माणसाने रेघ ओढायची, मधले नऊ संगणक आपले आपण भरतो. शेवटी सगळे काप एकावर एक चढले की दगडाला हात न लावता मासा बाहेर येतो.

मनिषा बारावी सायन्स होती, लग्न लवकर झालं एवढंच. ती रोज बाबांची दुपारची झोप लागली की लॅपटॉप घेऊन बसायची. मासा तिला आवडला. खवलं चौकोनी, चकचकीत, कौलांसारखी एकात एक अडकलेली. डोळा अगदी नाकाशी. शेपटी मुशीसारखी, छोट्या शार्कची असते तशी, वरचं पातं लांब. परांना मात्र आपल्या माशांसारख्याच बारीक काड्या. "तुझ्या बोंबील-पापलेटाचा हा खापर-खापर पणजोबा समज," पूर्वीने सांगितलं होतं.

निकेशला मजा वाटायची. "तीस कोटी वर्षांचा मासा, नि अजून वास नाय आला?" तो विचारायचा. "बघ हां, मांजर येईल."

"तुमच्या कंपनीच्या वासापुढे काय येतंय मांजर," ती म्हणायची.

आणि दोन महिन्यांपूर्वी कवटी पूर्ण झाली, तेव्हा पूर्वी फोनवर अक्षरशः ओरडली होती. इतक्या जुन्या माशांचा वरचा जबडा गालाला घट्ट जखडलेला असतो, तो सुटा हलत नाही. सुटा जबडा फार पुढे आला, आजच्या माशांच्या घराण्यात. आणि या माशाच्या जबड्यामागे तर स्पष्ट फट होती! पूर्वीने तिच्या वंशवृक्षात या माशापुढे 'जबडा मोकळा' असं भरलं, आणि मासा बुंध्यापासून टुणकन उडी मारून वरच्या फांदीवर जाऊन बसला. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. शनिवारी पुण्याला बाहेरचे विद्वान येणार होते, त्यांच्यापुढे पूर्वी बोलणार होती. "आणि सर म्हणाले, हाडं काढणाऱ्या मामी हव्यातच. खरा दगड तुझ्या हातात देणार आहे मी."

शनिवार! निकेशने सत्यजीत नावाच्या सोबत्याशी पाळी बदलून घेतली होती. अंजिरी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. आज बुधवार.

तिने लॅपटॉप उघडला. तीनशे साठपासून चारशे ऐंशीपर्यंत, सावकाश, एकेक काप. तिच्या हातच्या तेरा रेघा, बाकीच्या शंभरावर संगणकाने ओढलेल्या. नारिंगी आणि हिरव्याच्या मध्ये कशी सुरेख फट गेली होती. तिने रंग काढून टाकले आणि नुसतं करडं पाहिलं.

फट नव्हती. एक हाड दुसऱ्यात सुताराच्या सांध्यासारखं बसलेलं होतं. आणि त्या 'मोकळ्या' पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दात होते. जिताड्याच्या पट्टीवर एकही नाही, हिच्यावर ओळ. म्हणजे ही ती पट्टीच नव्हे, निदान तशी चालणारी तरी नव्हे. कोळ्याच्या पोरीला जबडा कुठे सुटतो ते कुणी शिकवावं लागत नाही. तिच्या हाताने जिथे सुटायला हवा तिथे तो सोडवला होता.

देव्हाऱ्याखालच्या खणातून तिने वही काढली. रोज दिवा लावल्यावर चार ओळी लिहायच्या हा तिचा नेम होता. पानं मागे नेत ती थांबली. 'श्री. संकष्टी. बाबांनी पेज अर्धी वाटी घेतली. ४१० वर फट दिसत नाही. असणारच. ओढली.'

असणारच! देवाच्या नावाखाली हे लिहिताना हात कसा अडखळला नाही?

तेवढ्यात फोन वाजला. पूर्वीच.

"मामी, साडी ठरली का? आणि डबा आणू नकोस, इथे जेवण आहे. ऐक ना, दोन वाक्यं बोलशील? फट पहिल्यांदा कधी दिसली, एवढंच सांग."

मनिषाच्या तोंडात शब्द आला होता. खुर्चीवरच्या साडीकडे तिची नजर गेली. "मला नाही बोलता यायचं गं लोकांपुढे."

"येतं सगळं! चल, ठेवते."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात परतली. दुसरी बाजू खवलली, तुकडे केले, हळद-मीठ लावलं, कालवण टाकलं. एक पान फाडलं की झालं. पण श्री लिहिलेलं पान फाडून टाकायचं कुठे? कचऱ्यात? आणि कुणाला कळणार होतं? शंभर वर्षांत कुणी ते काप उघडून पाहिले तरी म्हणेल, पनवेलच्या कुणा बाईचा हात हलला असेल. तोवर शनिवार तर होऊन जाईल. घाट बघता येईल. तीस कोटी वर्षं थांबलेला मासा अजून चार दिवस खोट्या फांदीवर बसला तर त्याचं काय बिघडणार?

बाराला तिने बाबांना बसवलं. मऊ भातात मासा कुस्करला, बोटांनी दोनदा चाचपून काटे काढले. बाबांनी घास बघितला नाही, वास घेतला नाही. डोळे खिडकीकडेच ठेवून नुसतं तोंड उघडलं. अर्धंच उघडायचं ते, डावीकडून. पाचव्या घासाला ते थांबले. जिभेने काहीतरी ढकललं. ओठावर केसाएवढा काटा आला.

"अगोबाई!" तिने तो चटकन उचलला. "चुकलं बाबा. दिसला नाय."

बाबांनी पुन्हा तोंड उघडलं. तसंच, न बघता.

मनिषाचा हात ताटातच राहिला. मग उरलेलं जेवण तिने शांतपणे भरवलं, त्यांचं तोंड पुसलं, देव्हाऱ्यापुढे एकदा हात जोडले आणि फोन लावला.

"पूर्वी, फट नाहीये."

"कसली फट?"

"जबड्यामागची. मी ओढली ती. हाड सलग बसलंय. आज जिताडा कापताना लक्षात आलं."

"मामी, शनिवारवर आलंय सगळं. हे आत्ता सांगतेस?"

"आत्ताच दिसलं."

"नक्की? स्कॅन तिथे धूसर आहे, असूही शकते फट."

"वहीत लिहिलंय गं मीच. दिसत नाही, तरी ओढली म्हणून."

"काय लिहिलंयस?"

मनिषाने वाचून दाखवलं. "फोटो पाठव त्या पानाचा," पूर्वी म्हणाली आणि फोन बंद झाला.

साडेतीनला पुन्हा वाजला. पूर्वीचा आवाज बसला होता, रडून बसतो तसा.

"मी पण कच्चे काप उघडले. तुझं बरोबर आहे. परत चालवलं सगळं. मासा खाली आला, बुंध्याशी, बाकीच्यांच्या रांगेत. काही खास नाही त्यात आता. सरांनी शनिवारचं माझं बोलणं काढलं."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगावं लागलं. ते म्हणाले, यापुढे प्रत्येक काप दोघांनी तपासायचा. चूक माझीही आहे गं. मला हवंच होतं तसं, म्हणून मी कच्चं उघडून पाहिलंच नाही."

"मग जबडा जखडलेलाच त्याचा?"

"जखडलेलाच. तोंड उघडायचं तर अख्खा गाल हलवायचा. तसेच जगले ते, कोट्यवधी वर्षं."

"जगले म्हणजे, पोट भरत असेल."

पूर्वी नाकातून हसली, की हुंदका होता कोण जाणे. "कवटी पहिल्यापासून करावी लागेल, मामी. महिना-दीड महिना. करशील?"

"मी कुठे जातेय?" मनिषा म्हणाली.

मग निकेशचा फोन आला, कंपनीच्या गेटावरून, मागे ट्रकांचा आवाज. पूर्वीने त्याला सांगितलं होतं. "शनिवारची पाळी सत्यजीतला परत देऊ काय? त्याच्या पोराचा वाढदिवस हाय, बिचारा कुरकुरत होता."

"द्या."

"नाय, तुला जायाचा असंल तर अशीच जा. फिरून ये."

"कुणाकडे? दगडाकडे?" ती म्हणाली. "द्या तुमी. परत मागायची वेळ आली तर हक्काने मागता तरी येईल."

तिने साडीची घडी घातली आणि कपाटात अगदी खालच्या कप्प्यात ठेवली, वरती बाबांच्या चादरी. बाबा जागे होते. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसली आणि चारशे दहावा काप उघडला. फटीवर खोडरबर फिरवला. आता नारिंगी हिरव्याला टेकलं, कुठे केस शिरायला जागा उरली नाही. बाबा मान वळवून पडद्याकडे बघत होते.

"जिताडा नाय हा, बाबा," ती म्हणाली.

"नाय," बाबा म्हणाले.

वहीत तिने लिहिलं: 'श्री. बुधवार. बाबा नीट जेवले, एक काटा राहिला होता. ४१० दुरुस्त केला. बारा रेघा बाकी.'

पाच वाजत आले होते. गिरणी सहाला बंद होते. धुऊन वाळवलेल्या तांदळाचा डबा दाराशी भरून ठेवलेला होता. तिने बाबांची उशी सरळ केली, पाण्याचा पेला डाव्या हाताशी ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. भाकरीचं पीठ दळून आणायचं होतं.