बर्फातला पिवळा ठिपका

माझा पटकन कुणावर विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. वीसेक वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत तयार माल तपासतो. समोर आलेला प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून चालायचं आणि खराब नाही असं सिद्ध झालं तरच पुढे सोडायचा, हे माझं काम. दिवसभर असं वागणारा माणूस घरी येऊन एकदम भोळा सांब होत नाही. दूध मी आजही बोटावर घेऊन बघतो. बायको म्हणते, "अहो, लग्नाच्या वेळी मलाही मापाला लावून बघितलं असेल तुम्ही." बघितलं होतं, पण ते बोलून दाखवण्यात शहाणपण नाही.

मे महिन्यात आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्या आठवडाभर शटडाउन घेतात. मशिनी उघडून साफ करतात आणि माणसांना सक्तीची रजा देतात. नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी. म्हणजे पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण, सगळीकडचे बाप एकाच आठवड्यात मोकळे आणि सगळी पोरं एकाच आठवड्यात डोकं खायला तयार. त्या वर्षी आमच्या लेकीच्या वर्गातली एक मुलगी मनालीला जाऊन बर्फात घसरून आली होती. तिचे फोटो आमच्या फोनवर दिवसातून चार वेळा यायचे. लेक तेव्हा नऊ वर्षांची. मनालीचं रिझर्वेशन काही मिळालं नाही, म्हणून मी महामार्गालगतच्या एका मॉलमधलं बर्फघर शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावर भलंमोठं शीतगृह, आत बर्फाचा उतार, त्यावरून रबरी ट्यूबवर बसून खाली घसरायचं. एका कडेला स्की पायाला बांधून चार पावलं टाकायचीही सोय होती. बाहेर चाळीस डिग्री आणि आत उणे पाच.

कारखान्यांचा अख्खा पट्टा तिथं लोटला होता. रांगेत उभा राहिलो तर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभा असल्यासारखं वाटायला लागलं. तीच पोटं, तीच घाई, तेच मागून ढकलणं.

आता मला धास्ती का होती, ते सांगतो. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज फिरत होता. खरा की खोटा देव जाणे. असले मेसेज मी पुढे पाठवत नाही, पण मनातून पुसूनही टाकत नाही. म्हणून घरात मी एक नियम केला होता. शाळेत, क्लासला, कुठेही कुणी न्यायला आलं, तर त्याने आधी आमचा घरातला गुप्त शब्द सांगायचा. शब्द नाही सांगितला तर लेकीने पाऊल उचलायचं नाही, स्वतःचं नाव सांगायचं नाही, माझंही नाही. ओळखीचा चेहरा असला तरी नाही. "आता मोबाइलवर चेहरा नकली करतात, आवाज नकली करतात," असं मी तिला पढवलं होतं. "खात्री असली तरी तपासायचं." हे वाक्य आमच्या विभागात भिंतीवर रंगवलेलं आहे, तेच मी घरी आणलं.

कंपनीतल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो, म्हणून हा शब्दही दर महिन्याला बदलायचा. पहिले दोन मी दिले. मग लेक म्हणाली, आता मी देणार, आणि एका सकाळी पोहे खाता खाता तिने नवा शब्द सांगितला. मी फोनमध्ये बघत होतो. नुसतं हं म्हणालो.

बर्फघराच्या दारात गमबूट आणि जॅकेट द्यायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, साडीवर स्वेटर, बोलणं मराठवाड्याकडचं. त्यांनी लेकीच्या पायाकडे नुसतं बघितलं आणि गमबुटाची जोडी पुढे सरकवली. मला लगेच शंका आली. न मोजता बूट देतेय म्हणजे पडून राहिलेला माल आमच्या गळ्यात मारतेय.

"एक नंबर मोठा द्या," मी म्हणालो.

"दादा, हाच बसतोय. मोठा दिला तर बर्फात रुतून बसंल लेकराचा."

"तुम्ही द्या हो."

त्यांनी दिला. मग जॅकेटं. मोठ्यांना निळी, पोरांना लाल, सगळ्यांना टोपी आणि नाकातोंडावर ओढायची पट्टी. आत बघतो तर शंभरभर लाल जॅकेटं, सगळी सारखी. यात आपली कुठली हे कसं ओळखायचं? मी खिशातून पेंट मार्कर काढला. आमच्याकडे बोल्ट नीट आवळला की त्यावर पिवळा ठिपका देतात. ठिपका नसेल तर माल पुढे जात नाही. तो पेन आमच्या लोकांच्या खिशात कायम असतो. माझ्या घरात हेल्मेट, डबा, छत्री, सगळ्यावर तो ठिपका आहे. मी लेकीच्या टोपीवर मागच्या बाजूला ठसठशीत ठिपका दिला.

बाई म्हणाल्या, "ठिपका नका देऊ दादा, हितं समदेच..."

"दंड लावायचा असेल तर लावा," मी त्यांना मधेच तोडलं. ही बाई आता जॅकेट खराब केलं म्हणून गळ्यात पडणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. लेकीच्या कानात सांगितलं, या बाईंशी बोलायचं नाही. बायकोला सायनसचा त्रास, त्यामुळे ती पिशव्या धरून बाहेर, लांबच्या खुर्चीवर बसली.

आत निळसर धुकं होतं आणि माणसांची नुसती रेटारेटी. लेक वर चढायची, घसरून खाली यायची, पुन्हा चढायची. मी उताराच्या पायथ्याशी पहाऱ्यावर. न विचारता फोटो काढणारा एक फोटोवाला मला खटकला. ट्यूब धरणारा प्रत्येक पोराच्या खांद्याला हात लावत होता, तोही खटकला. पण सगळ्यात जास्त खटकला तो एक मिशीवाला. निळं जॅकेट, सोबत कुणी नाही, घसरत नाही, हसत नाही, नुसता उभा राहून पोरांकडे बघतोय. मी त्याच्यावर डोळा ठेवला. थोड्या वेळाने लक्षात आलं की तोही माझ्यावर डोळा ठेवून आहे. हा तयारीचा दिसतो, मी मनात म्हणालो.

पाऊण तास झाला आणि शिट्टी वाजली. आमची बॅच बाहेर पडायच्या आत दुसरी बॅच आत सोडली. अगदी शिफ्ट सुटताना गेटवर होतं तसं झालं. जाणारे आणि येणारे एकमेकांत घुसले. मी उताराकडे बघितलं, लेक नव्हती. पायथ्याशी नव्हती. वर नव्हती. हाक मारली तर त्या कल्लोळात माझी मलाच ऐकू आली नाही. मग गर्दीत लाल टोपीवर पिवळा ठिपका दिसला. जीव भांड्यात पडला. माणसं बाजूला सारत गेलो, तिचं मनगट धरलं आणि म्हणालो, "चल, मुकाट्याने."

पोरगी किंचाळली. वळून बघितलं तर पुढचे दोन दात पडलेली कुणाची तरी भलतीच मुलगी.

पुढच्या क्षणी माझ्या गळपट्टीला हात पडला. तोच मिशीवाला.

"कोन हाय रं तू?"

"चूक झाली भाऊ. माझी मुलगी समजलो. तिच्या टोपीवर मी ठिपका दिलाय, पिवळा."

"त्यो ठिपका म्या दिलाय." त्याने खिशातून पेन काढून दाखवला. माझ्या खिशात होता तस्साच. "मगाधरनं ह्यो माझ्या पोरीवर नजर ठिवून हाय. आमी काय आंधळं न्हाई."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ह्या टोपीवर पिवळा ठिपका, त्या टोपीवर पिवळा ठिपका. कुणी खांद्यावर दिला होता, कुणी पाठीवर. बाई हेच सांगत होत्या आणि मी त्यांना बोलू दिलं नव्हतं.

भोवती कडं झालं. मोबाइल वर झाले. कुणीतरी मागून म्हणालं, "टोळीचा मेसेज आलाच होता ना." तो मेसेज मीही वाचला होता, आणि समोर दुसरा कुणी असता तर मीही त्या कड्यात उभा राहिलो असतो. पण मला त्यांची भीती नंतर वाटली. तेव्हा एकच डोक्यात होतं, इथं माझी गळपट्टी धरून ठेवलीय आणि तिकडे माझं लेकरू कुणाच्या हातात आहे.

"माझी मुलगी सापडत नाहीये," मी म्हणालो. "मला मारायचं तर नंतर मारा."

मिशीवाल्याची पकड सुटली नाही, पण तो चालायला लागला. त्याने मला तसाच ओढत दाराबाहेर काढलं, आणि मागोमाग दहा-वीस माणसं. तिथं गमबुटांच्या फळीशी लेक उभी होती. एका पायात गमबूट, दुसऱ्या पायात नुसता भिजलेला मोजा. बाईंनी तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली होती.

"बूट रुतला बर्फात," बाई सांगत होत्या, "म्हनून मी हिला उचलून हिकडं आणली. नाव इचारते तर एक अक्षर बोलंना. बापाचं नाव सांगंना. माइकवरून सांगू तरी काय?"

मी लेकीला नावाने हाक मारली. तिने वर बघितलंच नाही. अनोळखी ठिकाणी कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, हेही माझंच शिकवणं. मी तोंडावरची पट्टी काढली, टोपी काढली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि बाईंच्या मागे सरकली.

"बाळ, हे तुझे पप्पा का?" गर्दीतल्या एका बाईने विचारलं.

"दिसतात पप्पांसारखे," लेक म्हणाली. "पण आधी शब्द सांगू देत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कोथिंबीर," मी म्हणालो.

"ते जुनं."

"तेरा नंबरचा पाना."

"ते त्याच्या आधीचं."

मी डोळे मिटले. पोहे आठवले, पोह्यांवरचं लिंबू आठवलं, फोनवर तेव्हा काय बघत होतो तेही आठवलं. शब्द आठवेना. लेक माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मिशीवाल्याची मूठ पुन्हा आवळली. गमबूटवाल्या बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मी एखाद्या संशयित मालाला न्याहाळतो तसं, आणि लेकीचा हात धरला.

"शब्द येत नसंल तर नको जाऊ बाई," त्या म्हणाल्या. "थांब माझ्याजवळ."

गलका ऐकून बायको पिशव्यांसकट धावत आली. काय चाललंय ते तिला दोन वाक्यांत कळलं. तिने आधी माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि मग चढ्या आवाजात म्हणाली, "वांग्याचं भरीत."

लेक धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. "हे पप्पाच आहेत ना?" तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "दुर्दैवाने." लोक हसले आणि पांगले. मिशीवाल्याने माझी गळपट्टी सोडून ती हाताने नीट केली. "माफ करा राव," तो म्हणाला. "आपल्या लोकांची खोपडीच तसली." मी बाईंसमोर गेलो, हात जोडले आणि बूट तुम्ही बरोबर दिला होता असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "लेकरू लई पक्कं हाय तुमचं. त्याला रागावू नका." रागवायला मला तोंड कुठं होतं?

रावेतला घरी जायला रिक्षा केली. बायको मध्ये बसली, लेक पलीकडच्या बाजूला. मला वाईट याचं वाटत होतं की चार लोकांत माझ्या पोरीने मला ओळख दिली नाही, आणि तिची चूक काढायला मला कुठं जागाही नव्हती.

मग लेक आईला ओलांडून वाकली आणि म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं तुम्हीच आहात ते."

"कसं?"

"खोटा माणूस असता तर त्याने शब्द पाठ करून ठेवला असता."

बायको रिक्षाबाहेर बघत हसली. मला काही हसू आलं नाही. "अगं मग तेव्हा का नाही बोललीस?" मी म्हणालो. "लोक मला मारायला निघाले होते."

"खात्री असली तरी तपासायचं," ती म्हणाली. मग ती ओल्या मोज्याशी चाळा करत बसली. आम्ही पूल ओलांडला तेव्हा तिने खालीच बघत, हळू आवाजात विचारलं, "पोहे खाताना मी तुम्हाला सांगितला होता ना शब्द?"

"सांगितला होता."

"म्हणून मी थांबले होते. मला वाटलं, तुम्हाला आठवेल."