नवी जोडी आणि काकांचे टाळ

खेरकाकूंचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. त्या नसत्या तर मी आज झाशीत नसतो. गावाकडे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरत असतो.

खेरकाका आमच्या दुकानात नव्या स्पीकरच्या जोडीसमोर खुर्ची ओढून बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर. त्यांनी घरून आणलेली कॅसेट चालू होती, इथल्या मराठी मंडळाच्या भजनाची. त्यात टाळ खुद्द काकांचे. अचानक त्यांनी डोळे उघडले.

"हेच! बेटा, हे माझे टाळ! घरच्या स्पीकरमध्ये साफ गायब आहेत."

काकांच्या घरी याच कंपनीची जुनी जोडी होती. तिच्याबद्दल दोन तक्रारी होत्या. एक, डग्गा फरफरतो. दुसरी, टाळ ऐकू येत नाहीत. कंपनीची नवी सिरीज आली आणि मानिक चौकातल्या आमच्या दुकानाला तिची डीलरशिप मिळाली. पहिली जोडी कुणाला विकायची, तर काकांना, असं मालकांनी ठरवून टाकलं. मालकांना आम्ही सगळे सेठजी म्हणतो. मी तोवर मागच्या टेबलावर रिपेअरिंग करायचो. सेठजींनी मला पुढे बोलावलं.

"तू मराठी, वो मराठी. ये जोड़ी तू निकालेगा. निकाल दी तो काउंटर तेरा."

आणि कॅसेट ऐकून काकांनी तर हो म्हटलंच होतं. सेठजी म्हणाले, "पैक कर दे."

पण मला धास्ती वाटत होती. मी नववीतून शाळा सोडलेला, दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा माणूस. माल परत आला तर तो माझ्याच डोक्यावर येणार. आणि नव्या सिरीजची एक गोष्ट मला टेबलावर काम करताना कळली होती. ती एफिशियंट आहे. म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये जास्त मोठी वाजते. मोठं वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना चकवा आहे. दोन स्पीकर ताडून बघायचे तर आधी दोघांचा आवाज सारखा करावा लागतो.

मी म्हटलं, "सेठजी, एक बार इनके घर पर सुनवा दूँ? पुरानी जोड़ी के साथ?"

"सुनवा दे. पर जोड़ी वापस आई ना, तो काउंटर भूल जा. गाँव का टिकट मैं ख़ुद कटा दूँगा."

काकांचं घर दतिया गेटजवळ. खेर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या झाशीचीच. काका रेल्वेत, वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. आयुष्य त्यातच गेलं. पुढच्या खोलीत खिडकीला कूलर, त्याच्याच खाली जुने स्पीकर, वर क्रोशाचे रुमाल.

मी आधी जाळी काढली. स्पीकरचा कागदी पडदा कडेने फोमच्या रिंगवर तोललेला असतो. डाव्या स्पीकरची ती रिंग बोट लावताच भुकटी होऊन खाली पडली. बाहेर लूचा तापता वारा, आत कूलरची ओल. झाशीत फोम टिकत नाही. डग्गा फरफरायचं कारण हे. रिंग बदलली की काम झालं. उजवा अजून धड होता. मी ऐकण्यापुरती तेवढ्याचीच निवड केली, आणि नव्या जोडीतलाही एकच शेजारी ठेवला.

आता टाळ. अॅम्प्लिफायरवर ए आणि बी असं बटण असतं. ए ला जुना लावला, बी ला नवा. कूलर बंद केला. हातात धरायचा साउंड मीटर घेऊन दोघांचा आवाज सारखा केला आणि व्हॉल्यूमच्या चकतीवर खडूच्या खुणा केल्या. काका त्यांच्या आरामखुर्चीत बसले. ती खुर्ची त्यांचीच, बरोबर स्पीकरसमोर. काकू स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन कणीक मळत उभ्या.

जुना वाजवला. "नाहीत," काका म्हणाले.

नवा वाजवला. काका पुढे झुकले. "तू हा नवाच लावलायस ना?"

"हो काका."

"अरे, यातही नाहीत! दुकानात तर होते."

दुकानात होते, कारण दुकानात तो मोठा वाजत होता. मला टाळ दोन्हीत लख्ख ऐकू येत होते. मग माझ्या ध्यानात आलं. बॉयलरच्या वाफेशेजारी जन्म काढला की आधी जातात ते वरचे, बारीक सूर. टाळ, पैंजण, शिट्टी. स्पीकरचा दोष निम्माच होता. पण आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच घरात, कसं सांगायचं की काका, तुमचे कान गेले? बरं, गप्प बसावं आणि व्हॉल्यूम वाढवावा, तर जोडी विकली जाते. काउंटर माझा होतो.

मी नुसताच खडू बोटांत फिरवत उभा राहिलो.

"टाळ आहेत," काकू दारातून म्हणाल्या. "दोन्हीत आहेत. आत चुलीपाशीसुद्धा येतात मला. तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तिथे टाळ काय येणार? इंजिनाने कान खाल्ले तुमचे."

काका खुर्चीतच दाराकडे वळले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. ऐकलंत कुठे?"

काका आधी रागावले, मग हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मी नवी जोडी परत नेण्यासाठी बांधायला घेतली. दोरीची गाठ दोनदा सुटली. काकूंनी ते पाहिलं असावं. "सेठ काय म्हणेल रे तुला?" त्यांनी विचारलं. मी तिकिटाचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सेठजी मला फैलावर घेत होते, "हाँ बोला हुआ ग्राहक था! तूने ना करवा दी!" तेवढ्यात काकू रिक्षातून उतरल्या. मागून काका, कडेला एक जुना स्पीकर घेऊन, दुसरा रिक्षावाल्याच्या हातात. काकू सरळ सेठजींसमोर उभ्या राहिल्या.

"भैयाजी, नई जोड़ी को ना मैंने की है. लड़के को कुछ मत कहिए. ये दोनों यही ठीक करेगा."

सेठजी "जी, माताजी" म्हणाले आणि पंखा लावायला वळले.

मी दोन्ही स्पीकरच्या रिंगा बदलल्या. डग्गा परत गोल वाजू लागला. काकांनी कानाचं मशीन घेतलं. सुरुवातीला म्हणे त्यांना काकूंच्या बांगड्यांचा त्रास व्हायचा. नवी जोडी शोरूममध्ये तशीच राहिली, सेठजी माझ्याशी कामापुरतं बोलायचे, आणि मी पोटमाळ्यावर पिशवी भरून ठेवली होती. मग एक दिवस काकांचे रेल्वेतले एक जुने सोबती आले. त्यांच्याकडे स्पीकरच नव्हते. त्यांनी सेठजींना विचारलं, "वो लड़का कौन सा है जो बेचता नहीं?" जोडी त्यांनी नेली. काउंटरही मला मिळाला.

तेव्हापासून कुणी विचारलं की जुने बदलू का, तर मी आधी दोन्हींचा आवाज सारखा करतो. मग घरात ऐकतं कोण ते विचारतो.

हे दुसरं मी खेरांच्या घरी शिकलो. त्या घरातले चांगले कान काकूंचे, आणि त्यांना कोणता स्पीकर बरा हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. आरामखुर्ची काकांची. काकूंनी सगळी गाणी भिंतीपलीकडूनच ऐकली. परवा त्यांच्यासाठी आत स्पीकर लावायचा विषय काढला तर म्हणाल्या, "स्वयंपाकघरात कशाला रे, फोडणीने खराब होतील." कागदी पडद्याचे होतील खरे. प्लास्टिकच्या पडद्याचे दोन छोटे मी बाजूला काढून ठेवलेत. खोकी माझी मीच करतोय, सुटीच्या दिवशी. झाली की फडताळावर, चुलीच्या दोन्ही अंगांना बसवणार आहे. काकू, थोडा वेळ लागेल, पण बसवणार.