पोळ्याचं आवतन

पोळ्याला गावी यायचं का, असं मैत्रिणीला मीच विचारलं होतं. ती टांझानियाची. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात शिकायला आली होती आणि होस्टेलला माझ्याच खोलीत राहायची. दोन वर्षांत तिने सगळे सण पाहिले, पण ते स्टेजवरून. गणपतीत नऊवारी नेसवून तिला आरतीला उभं केलं, गरब्यात मधोमध नाचवलं, मराठी दिनाला चार वाक्यं बोलायला लावली. टाळ्या कडाडल्या, फोटो निघाले, पोरींनी तिच्या केसांना हात लावून पाहिला. त्यातल्या एकीनेही दिवाळीत तिला घरी फराळाला नेलं नाही. एका दिवाळीत मी गावी गेले असताना ती मेसमध्ये एकटी जेवली, हे मला नंतर कळलं तेव्हा मी इतकी चिडले की तिलाच बोलले. मग म्हटलं, आमच्या गावात असलं काही नाही, तू फक्त ये. तिला एकदा तरी कुणाच्या घरात सण बघायचा होता, आणि मी शब्द देऊन बसले होते.

अल्लीपूरच्या पुढे आमचं गाव. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे पळसाच्या पानांनी तूप-हळद लावून चोळायचे, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून आवतन द्यायचं. बाबांनी दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, आवतन दिल्याशिवाय कोणाला जेवायला बसवत नाहीत, बैल असला म्हणून काय झालं. तिच्या घरीही गुरं होती. तिने पान हातात घेतलं आणि दुसऱ्या बैलाचा खांदा चोळत बसली. रात्री आईने तिला चुलीशी पाट दिला. झोपताना ती खूश होती आणि मी तिच्याहून.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, पोळ्याच्या झडत्या म्हणायला सुरुवात झाली, आणि गावातल्या एका पुढाऱ्याची नजर तिच्यावर गेली. झालं! तिला ओढून पुढे नेलं, फेटा बांधला, आमच्या बैलाचा कासरा तिच्या हातात दिला. परदेशी पाहुणी आपल्या मातीशी एकरूप झाली, असं माईकवरून सांगितलं. मला जन्मात कुणी तोरणाखाली कासरा धरू दिला नव्हता, बाईमाणसाचं ते काम नाही म्हणून. फोटोपुरती मात्र रीत बाजूला सरकली. सेल्फीसाठी म्हाताऱ्यांपासून सगळे रांगेत. मी दात-ओठ खात उभी होते. तोरण तुटून पोळा फुटला तेव्हा बाबांनी एक बैल स्वतः धरला आणि म्हणाले, दुसरा तिच्याच हातात राहू दे.

मग बैल घरोघर न्यायचे. आमचा पहिला मान मोठ्याईच्या घरचा. मोठ्याई म्हणजे बाबांची मोठी वहिनी, भाऊबंदांची सगळी पंगत तिच्याकडेच बसते. तिने दोन्ही बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. अंगणाच्या मधोमध पितळी परात ठेवली, तीत पुरणपोळ्या कुस्करून वर तुपाची धार. मला म्हणाली, आत ये, पानं वाढलीत. मैत्रीण माझ्यामागून पायरीशी आली, तसा मोठ्याईने आडवा हात केला.

"तिले इथंच ओट्यावर बसव. अंदर देव मांडले हायेत."

ओट्यावर, चपला काढतात त्या कोपऱ्यात, थर्माकोलच्या ताटलीत तिचं वाढून ठेवलेलं होतं. आधीच. म्हणजे हे काही ऐन वेळी सुचलेलं नव्हतं. तासाभरापूर्वी तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारे माझे दोन चुलतभाऊ आत पाटावर बसले होते, आणि त्यांनी मान वर केली नाही. मला भयंकर संताप आला.

ती शांत होती. मेसमधल्या बायांकडून शिकलेल्या बोलीत तिने विचारलं, "मोठ्याई, बैलाले काल आवतन देल्लं होतं ना?"

"हो बाई. रीतच हाय ते."

"मले कोणी नाई देल्लं. मंग मी काऊन जेवू?"

तिने कासरा माझ्या हातात दिला आणि फाटकाबाहेर गेली. मोठ्याई म्हणाली, पाहा, हिचा ताठा पाहा. बाबा तोवर बैल धरून नुसते उभे होते, आणि त्याचाही मला राग आला होता. ते पुढे झाले. त्यांच्या बैलाने परातीत तोंड घातलंच होतं. बाबांनी वेसण धरून ते तोंड वर काढलं आणि बैल वळवला. माझाही वळवला. पोळ्याच्या दिवशी आवतन घेतलेला बैल दारातून उपाशी नेणं म्हणजे त्या घराच्या तोंडात मारणंच.

बैल आमच्या घरी जेवले. तीही जेवली, चुलीशी, पण फार थोडं. तिसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला परतलो. तुझं काही चुकलं नाही, असं ती मला म्हणाली, आणि त्यानंतर मी बोलावलं तरी कुणाच्या सणाला आली नाही. शिक्षण संपवून ती परत गेली. तिचा फेटा बांधलेला फोटो आमच्या ग्रामपंचायतीत अजून लावलेला आहे, खाली लिहिलंय 'अतिथी देवो भव'. मी तिथे जाते तेव्हा तो उतरवून फोडावासा वाटतो.

मोठ्याई आजही येईल त्याला सांगते, माझ्या दारातून पोळ्याचे बैल उपाशी नेले, भावासारख्या दिरानं नेले. रडतेही. पोरगी उपाशी गेली, हे त्या रडण्यात कुठेच नसतं. दर वर्षी खांदमळणीला ती निरोप धाडते, यंदा तरी बैल आणा, आणि बाबा नेत नाहीत. मागच्या खांदमळणीला ती स्वतः आमच्या घरी येऊन मला म्हणाली, बापाले समजाव, आता कोणती रीत राहिली सांग, मी करते.

मी फोनमधून मैत्रिणीचा नंबर काढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, हिला आवतन दे.

ती पदर सावरून उठली आणि गोठ्यात बैलांना आवतन द्यायला गेली.